कडी, साखळी आणि झाकली मूठ : भयपटातील बंदिवास आणि माणदेशातील मोकळा तुरुंग

१. विषय आणि संज्ञा

घरातील माणसाला घरच्यांनीच कोंडून ठेवणे आणि त्या कोंडण्यामागचे कारण गावापासून लपवणे, या दोन कृतींवर भयकथेचा एक मोठा प्रवाह जगभर उभा राहिला असून साहित्याकडून तो चित्रपटाकडे आणि चित्रपटातही विशेषतः लघुपटाकडे आलेला दिसतो. यांपैकी पहिल्या कृतीला प्रस्तुत विवेचनात ‘बंदिवास’ म्हटले आहे आणि दुसरीला ‘गुपित’. बंदिवास माणसाच्या हालचालीला आवर घालतो, तर गुपित माहितीच्या हालचालीला. आणि भयपट पाहताना साखळीकडे लक्ष वेधले जात असले, तरी घरातले सगळे व्यवहार ठरतात ते गुपितामुळे. कोंडलेल्या माणसाची साखळी एका खोलीपुरती असते; गुपित मात्र जेवण घेऊन जाणाऱ्या आईला, दाराशी घुटमळणाऱ्या मुलाला आणि पाहुणा आला की विषय बदलणाऱ्या कर्त्या पुरुषालाही बांधून ठेवते. म्हणून भयपटातील बंदिवास लोखंडाने टिकत नाही, तो गुपिताने टिकतो, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे. आणि ते पारखून पाहण्यासाठी माणदेशाइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, कारण बंदिवासातून भिंत आणि गुपित दोन्ही वगळले तर काय उरते, याचा प्रत्यक्ष प्रयोग याच मुलखात झाला आणि त्यावर एक मोठा चित्रपटही निघाला.

घर आणि भय यांचे नाते तपासणारा सर्वांत प्रसिद्ध निबंध सिग्मंड फ्रॉइड याने १९१९ मध्ये लिहिला. जर्मन भाषेतील ‘हाइमलिश’ या शब्दाला ‘घरचे, ओळखीचे’ असा एक अर्थ आहे आणि ‘लपवलेले’ असा दुसरा; त्यामुळे त्याच्या उलट असणारा ‘उनहाइमलिश’, म्हणजे अनोळखी आणि भयप्रद, हा शब्द अर्थाने पुन्हा घराकडेच वळतो, असे फ्रॉइडने दाखवले. जे झाकलेले राहायला हवे होते ते उघडे पडणे, ही त्याच्या मते या जातीच्या भयाची खूण होय. हा विचार समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला जर्मन शब्दकोशाची फारशी गरज पडू नये. ‘घरातली गोष्ट घरातच राहू द्यावी’ हा उपदेश, ‘गोष्ट चव्हाट्यावर आली’ ही तक्रार आणि ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण, या तिन्हींत घराची किंमत त्याच्या झाकलेपणावर ठरते. म्हणीतील व्यवहार तर फार नेमका आहे: मुठीत काय आहे याला महत्त्व नाही, किंबहुना मूठ रिकामी असण्याचीच शक्यता अधिक आहे, सव्वा लाख मोल आहे ते झाकण्याला. भयपटातील घर हीच म्हण अक्षरशः जगत असते.

२. लघुभयपटाची घडण

लघुपट म्हणजे किती लांबीचा चित्रपट याविषयी निरनिराळे नियम आहेत; ऑस्कर पुरस्कारांसाठी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांची कमाल मर्यादा धरली जाते. मात्र बंदिवास आणि कौटुंबिक गुपित या विषयाला लघुपटाचा आकार साजतो त्याचे कारण केवळ लांबीत नाही. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला पात्रांची पार्श्वभूमी आणि उपकथानके सांभाळावी लागतात, तर लघुपटाला एक घर, एक दार आणि ते दार न उघडण्याची ताकीद एवढे भांडवल पुरते. शिवाय लघुपटाकडे स्पष्टीकरणासाठी वेळ नसतो आणि घरातील मुलाकडे माहिती नसते. त्यामुळे प्रेक्षकाचे अज्ञान आणि घरातील लहान मुलाचे अज्ञान एका पातळीवर येते. अशा चित्रपटांत पाहणारी नजर वारंवार मुलाची का असते, याचा उलगडा येथे होतो, कारण कुटुंबाच्या गुपिताचा पहिला वारस मूलच असते आणि त्याला वारसा मिळण्याआधी ताकीद मिळते.

या घडणीचे एक जुने आणि स्वच्छ उदाहरण १९२८ मधील आहे. एडगर ॲलन पो याच्या १८३९ मधील अशर घराण्याच्या ऱ्हासाच्या कथेवर जेम्स सिब्ली वॉटसन आणि मेलव्हिल वेबर या अमेरिकन दिग्दर्शकांनी सुमारे १३ मिनिटांचा मूकपट केला. भाऊ आपल्या बहिणीला मृत समजून घराखालच्या तळघरात ठेवतो, ती जिवंत परत येते आणि घराणे वास्तूसह कोसळते, एवढेच कथासूत्र. या लघुपटात भिंती तिरक्या होतात, जिने एकमेकांत मिसळतात आणि प्रतिमा लोलकातून पाहिल्यासारख्या फुटतात. लपवलेली गोष्ट संवादांतून न सांगता वास्तूच्या विकृतीतून दाखवण्याची ही रीत पुढच्या भयपटांतही दिसते.

मराठीत या विषयाची मशागत आधी कथेने केली. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथेला दिवाळी अंकांच्या आणि वाचनालयांच्या वाचकवर्गापर्यंत नेले, तर रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथेत भुतापेक्षा मनाच्या कोपऱ्यावर भर दिला आणि ‘गहिरे पाणी’ या मालिकेतून ती पडद्यावरही आणली. या दोघांच्या लेखनामुळे मराठी भयकथा स्मशान आणि पिंपळ सोडून माजघरात आली, आणि हे स्थलांतरच पुढील चित्रपटांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ठरले.

३. पावसातले घर

या परंपरेतून निघालेला सर्वांत परिचित चित्रपट म्हणजे राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुम्बाड’, जो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट होता. चित्रपट हिंदी भाषेत असला तरी त्याची माणसे, वाडा आणि काळ महाराष्ट्राचे आहेत, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ च्या कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेल्या कोकणातील गावाचे आहे, आणि कथेच्या मुळाशी धारपांच्या भयकथेची प्रेरणा आहे. चित्रपटाची तीन प्रकरणे १९१८, १९३३ आणि १९४७ या काळांत घडतात.

यांतील पहिले प्रकरण वेगळे काढून पाहिले तर तो बंदिवास आणि कौटुंबिक गुपित यांवरचा एक संपूर्ण लघुभयपटच आहे. एक विधवा, तिची दोन मुले आणि घरातील एका खोलीत साखळीने जखडलेली एक म्हातारी. तिला वेळच्या वेळी खाऊ घालायचे, ती जागी होऊ लागली की ‘हस्तर’ या दैवताचे नाव घेऊन तिला पुन्हा झोपवायचे, आणि ही दिनचर्या कोणासाठी व कशासाठी चालते हे मुलांना सांगायचे नाही. आई सरकारांच्या वाड्यावर जाते ती एका सोन्याच्या मोहरेच्या आशेने, आणि म्हातारीची सेवा त्याच व्यवहाराचा भाग असते. म्हातारी साखळीने बांधलेली आहे आणि आई मोहरेने. दाराच्या आत कोण आणि बाहेर कोण हा फरक त्यामुळे पुसट होतो. दुसऱ्या प्रकरणात त्या दोन मुलांतला, आता मोठा झालेला विनायक परत येतो तेव्हा म्हातारीच्या देहातून झाड उगवलेले असूनही ती मेलेली नसते, आणि मरण मिळावे या अटीवर ती त्याला विहिरीखालच्या खजिन्याचे गुपित सांगते. बंदिवान माणसाकडे देण्यासारखे काहीच उरत नाही तेव्हा गुपित हेच त्याचे चलन बनते, हे या प्रसंगाइतके स्पष्टपणे फार थोड्या चित्रपटांनी मांडले आहे.

चित्रपटाची खरी कसोटी तिसऱ्या प्रकरणात लागते. विनायक ते गुपित आपल्या मुलाला, पांडुरंगाला, शिकवतो. विहिरीत उतरायचे कसे आणि हात घालून परतायचे किती वेळात, हे तो एखाद्या बलुतेदाराने मुलाला धंदा शिकवावा तसे शिकवतो. शेवटी शापित झालेला बाप आयुष्यभराची लूट पुढे करतो तेव्हा मुलगा ती नाकारतो आणि बापाला अग्नी देतो. म्हणजे घराण्याची साखळी विळा-कोयत्याने तुटत नाही, वारसाने वारसा न घेतल्याने तुटते.

माणदेशातील प्रेक्षकाला या चित्रपटातील एक गोष्ट इतरांपेक्षा वेगळी जाणवण्याजोगी आहे. तुंबाडवर पाऊस न थांबता पडतो आणि तो देवांच्या कोपाचे चिन्ह मानला आहे. माण, आटपाडी, सांगोला या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, जेथे माणगंगा वर्षाचे कित्येक महिने वाळूचे पात्र होऊन पडते, तेथे पावसाला शाप समजणे अवघड आहे. येथील घरेही कोकणी वाड्यासारखी उतरत्या छपरांची नाहीत; जाड भिंती, वर मातीचे धाबे, उजेडापुरते माळवदाला ठेवलेले साणे आणि धान्यासाठी भिंतीच्या पोटात बळद, अशी त्यांची जुनी ठेवण आहे. अशा घरात अंधार भरपूर असतो. पण माळरानावर आडोसा इतका कमी, की कोण आले, कोण गेले हे दूरवरून दिसते. आणि येथे दाराला लागलेले कुलूपही बहुधा वेगळी गोष्ट सांगते. उसाच्या तोडीला, मुंबईच्या गिरण्यांना किंवा सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायासाठी दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांची घरे या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या कुलूपबंद राहिली आहेत. घर बंद आहे हे सगळ्यांना माहीत असते आणि का बंद आहे हेही माहीत असते. कुलूप आहे पण गुपित नाही, म्हणून त्या दारापाशी दुःख उभे राहते, भय उभे राहत नाही. भयाची मूळ सामग्री कोणती, याचा हा साधा पुरावा मानता येईल.

४. कायद्याला दिसलेले गुपित

बंदिवास आणि गुपित यांतील हाच भेद फौजदारी कायद्यानेही फार पूर्वी ओळखला होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३४० मध्ये ‘गैर कैद’ या अपराधाची व्याख्या होती: एखाद्या व्यक्तीला ठरावीक हद्दीबाहेर जाण्यापासून बेकायदा अडवणे. परंतु त्याच संहितेचे कलम ३४६ याहून पुढे जात असे. कोंडलेल्या माणसाच्या हितसंबंधीयांना किंवा सरकारी नोकराला ते कळू नये अशा हेतूने कैद केली असेल, तर मूळ शिक्षेखेरीज दोन वर्षांपर्यंत अधिक शिक्षा देता येत असे. म्हणजे कोंडणे हा एक अपराध आणि ते लपवणे हा त्यावरचा वेगळा भार, असा हिशेब होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेतही गुप्त कैदेचा हा वेगळा विचार कलम १२७ मध्ये कायम आहे.

तरीही घरातील साखळी बराच काळ कायद्याच्या नजरेआड राहिली, कारण ती उपचार किंवा उपासना म्हणून घातली जात असे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्णांचा मृत्यू झाला, तो ते साखळ्यांनी बांधलेले असल्याने. या घटनेने हा प्रश्न देशासमोर आणला. पुढे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास स्पष्ट मनाई केली, आणि योगायोगाने तो कायदा अमलात आला ते वर्ष ‘तुम्बाड’च्या प्रदर्शनाचेच होते. महाराष्ट्रात या लढ्याचे केंद्र सातारा होते. नरेंद्र दाभोलकर यांनी येथून उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने अनेक वर्षे मागितलेला कायदा, त्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर आधी अध्यादेशाच्या आणि मग अधिनियमाच्या रूपाने आला. त्याच्या अनुसूचीतील अगदी पहिली बाब भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधून मारहाण करण्याची आहे.

या कायद्यांच्या उजेडात भयपटाच्या रूढीतील एक उणीव ठळक होते. शार्लट ब्राँटेच्या १८४७ मधील ‘जेन एअर’ कादंबरीत माळ्यावर कोंडलेली पत्नी असो की ‘तुम्बाड’मधील साखळीतली म्हातारी, भयाचे तोंड कोंडलेल्या माणसाला दिले जाते आणि कोंडणाऱ्याला ते सहसा दिले जात नाही. केस पिंजारलेली, नखे वाढलेली, उजेडाला डोळे न सरावलेली व्यक्ती पडद्यावर अचानक आली की प्रेक्षक दचकतो. परंतु ही सगळी लक्षणे बंदिवासाची आहेत, दुष्टपणाची नव्हेत. कोंडल्यामुळे माणूस असा झाला, हे क्षणभर विसरायला लावून ‘असा होता म्हणून कोंडला’ असे भासवणे हे घराचे गुपित टिकवण्याचेच काम होय, आणि दुबळा भयपट ते काम घरासाठी फुकट करून देतो. चांगला भयपट मात्र दार उघडल्यावर कॅमेरा आतल्या चेहऱ्यावर फार काळ न ठेवता, कडी कोणत्या बाजूला होती ते दाखवतो.

५. स्वतंत्रपूर

माणदेशातच, आटपाडीजवळ, या सर्वांच्या उलट मांडणीचा बंदिवास १९३९ मध्ये घडवला गेला. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्याच वर्षी प्रजेला सत्ता सोपवणारी घटना दिली आणि त्या काळातच पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन, जे भारतानंद या नावानेही ओळखले जात, यांच्या पुढाकाराने ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. अशा वसाहतीला ‘खुली वसाहत’ म्हणतात: तिला तट नाही, गज नाहीत, निवडलेले कैदी तेथे शेती करतात आणि आपल्या बायकामुलांसह राहतात. संस्थान विलीन झाल्यावरही ही वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे चालू राहिली.

भिंत नसणे ही स्वतंत्रपूरची सर्वांच्या डोळ्यांत भरणारी बाब आहे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे दुसरे लक्षण अधिक मोलाचे ठरते. येथे गुन्हा लपवलेला नाही. न्यायालयात तो सिद्ध झाला आहे, शेजारच्या कुटुंबाला तो ठाऊक आहे, बायकोला ठाऊक आहे आणि वसाहतीच्या अंगणात खेळणारे मूल जाणते होईल तेव्हा त्यालाही तो कळणारच आहे. भयपटातील घरात माणूस कोंडलेला असतो आणि कारण झाकलेले असते. स्वतंत्रपुरात कारण उघडे असते आणि माणूस मोकळा असतो. बंदिवास दोन्हीकडे आहे, कुटुंबही दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की एकीकडे कुटुंब कैद्याचे पहारेकरी झाले आहे आणि दुसरीकडे त्याचे सोबती. ही तुलना करताना तुरुंगाला स्वर्ग ठरवण्याचे कारण नाही. शिक्षा ही शिक्षाच राहते आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नुकसानही तसेच राहते. परंतु गुपित काढून घेतल्यावर बंदिवासातील भय कसे विरते, हे मात्र या वसाहतीने दाखवले.

६. दोन डोळे

या प्रयोगावर आधारलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९५७ मध्ये आला. त्याची कथा ग. दि. माडगूळकर यांची होती, आणि हा तपशील माणदेशाच्या दृष्टीने साधा नाही, कारण गदिमांचा जन्म १९१९ मध्ये आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याचा आणि त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश यांनी ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’तून हाच मुलूख मराठी साहित्यात कायमचा आणला. चित्रपटाला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलाचा मान मिळाला. खुनाच्या गुन्ह्यातील सहा कैदी आणि त्यांना पडीक जमिनीवर घेऊन जाणारा तुरुंग अधिकारी आदिनाथ. कैद्यांचे बारा हात आणि त्यांच्यावर असलेले आदिनाथचे दोन डोळे, असा शीर्षकाचा अर्थ.

हा चित्रपट भयपट नाही. तथापि भयपटाचे एक हुकमी साधन त्याने उलट हेतूने वापरले आहे. कोणीतरी सतत पाहते आहे, अंधारातून डोळे रोखलेले आहेत, पळून गेले तरी ते डोळे पाठ सोडत नाहीत, ही प्रतिमा भयकथेत भुताची किंवा शापाची असते. शांतारामांच्या चित्रपटात तेच डोळे विश्वासाचे आहेत. कैदी पळण्याचा प्रयत्न करतात आणि त्या नजरेच्या जाणिवेने परततात. अखेरीस भाजीबाजारातील हितशत्रूंशी झालेल्या संघर्षात, पिकावर सोडलेल्या बैलांना अडवताना आदिनाथ मरतो, तरीही त्याचे डोळे कैद्यांच्या मनातून जात नाहीत. अशी कोरलेली नजर हाही एक प्रकारचा पहारा नव्हे काय, हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे, आणि चित्रपटाच्या उपदेशी सुरामुळे तो अधिक धारदार होतो. त्याचे उत्तर नजरेच्या दिशेत सापडते. भयपटातील घर बाहेरच्या नजरेला भिते, कारण तेथे दाखवण्यासारखे काही उरलेले नसते. आदिनाथची नजर मात्र कैद्यांचे गुन्हे जाणूनच त्यांच्याकडे पाहते, त्यामुळे तिच्यापासून लपवण्यासारखे काही राहत नाही. जाणून पाहणे आणि पाळत ठेवून पाहणे यांत हे अंतर आहे.

७. समारोप

बंदिवास आणि कौटुंबिक गुपित यांवरचा लघुभयपट हा केवळ दचकवण्याचा खेळ मानला तर त्याचे मोल तेवढ्याच मिनिटांपुरते राहते. परंतु त्याने विचारलेला प्रश्न मोठा आहे: घराची अब्रू राखण्यासाठी घरातल्या कोणाला किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत पुढच्या पिढीकडून वसूल करण्याचा अधिकार कोणाला आहे? अशर घराण्याने हा प्रश्न टाळला आणि ते वास्तूसह कोसळले. पांडुरंगाने त्याला नकाराने उत्तर दिले. स्वतंत्रपुराने प्रश्नातील गुपितच काढून घेतले. माणदेशातील तरुण आज हातातल्या मोबाईलवर लघुपट करू शकतात, आणि त्यांना भयपटासाठी कोकणातला वाडा किंवा परदेशी तळघर शोधण्याची गरज नाही. बळद, साणे, दारालगतची ढेळज आणि माळरान हे सामान येथेच आहे. मात्र आतल्या माणसाला भूत करायचे की कडी लावणाऱ्या हाताकडे बोट दाखवायचे, ही निवड प्रत्येक दिग्दर्शकाला स्वतः करावी लागते.

म्हणीतील सव्वा लाखाच्या मुठीकडे शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर तिचा हिशेब वेगळा निघतो. पहिला पाऊस झाला की कुणबी तिफणीच्या चाड्यावर मूठ धरतो, आणि चाड्यावरची मूठ झाकलेली ठेवून चालत नाही. ती थोडी थोडी सोडावी लागते, तेव्हाच बी नळ्यांतून उतरून तासात पडते. आटपाडीच्या त्या पडीक जमिनीवर ज्यांनी पेरले, त्यांच्या हातांनी पूर्वी काय केले होते हे सगळ्यांना माहीत होते. पेरणी त्यामुळे अडली नाही.